पहिल्यांदा सप्ताहाला बसताय? गुरुचरित्र पारायणाची घरगुती तयारी

आमच्या घरात दत्तजयंतीच्या सप्ताहाला, म्हणजे दत्तावतारी गुरूंची चरित्रपोथी, गुरुचरित्र, सात दिवसांत मोठ्यानं वाचून संपवायला, अण्णा बसायचे. आम्ही पोरं फक्त आरतीला टाळ वाजवायला आणि प्रसादाला. मग एका वर्षी अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि पोथी माझ्या हातात आली. तोवर मी सलग एक अध्यायही मोठ्यानं वाचलेला नव्हता. पहिल्याच वर्षी पाचव्या दिवशी माझा पार बोजवारा उडाला, तो किस्सा पुढे येईलच. त्यानंतर दरवर्षी बसतोय. ओळखीतली चार पोरं नोव्हेंबर लागला की फोन करतात, "दादा, काय काय लागतं ओ?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहून ठेवतो.

एक आधीच सांगतो. नवीन माणूस घाबरतो ते नियमांना, आणि अडकतो मात्र वेळेच्या हिशोबात. नियम घरातलं कुणीही मोठं माणूस सांगेल. वेळेचा हिशोब तुमचा तुम्हालाच मांडावा लागतो.

१. तारीख शेवटून मोजा

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला. इंग्रजी तारीख दरवर्षी हलते: २०२३ ला २६ डिसेंबर, २०२४ ला १४ डिसेंबर, २०२५ ला ४ डिसेंबर. गेल्या वर्षीच्या तारखेवरून रजा टाकू नका.

सप्ताह कधी सुरू करायचा, यावर दोन माणसं दोन उत्तरं देतील. कुणी अष्टमी म्हणेल, कुणी नवमी. दोघंही बरोबर असू शकतात, कारण तिथीचा क्षय होतो, म्हणजे ती गळते, किंवा वृद्धी होते, म्हणजे ती दोन दिवस चालते. २०२५ ला एका तिथीचा क्षय होता, म्हणून २८ नोव्हेंबरला अष्टमीला बसलेल्यांचा सातवा दिवस बरोबर पौर्णिमेला आला. एरवी अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत आठ दिवस होतात. तेव्हा सरळ कॅलेंडर पुढ्यात घ्या, दत्तजयंतीच्या दिवसावर बोट ठेवा आणि तो दिवस धरून मागे सात मोजा. काही घरांत वाचन आदल्या दिवशी संपवून जयंतीला फक्त समाप्तीची पूजा आणि जेवण करतात. तसं असेल तर एक दिवस आणखी मागे या.

याच महिन्यात घरात महालक्ष्मीचे गुरुवारही चालू असतात, हे पुरुषमंडळी हमखास विसरतात. २०२५ ला जयंती मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारीच आली. म्हणजे एकाच संध्याकाळी कलशाची मांडणी, कहाणीचं वाचन, शेजारच्या बायकांचं हळदीकुंकू आणि इकडे दत्तजन्माचा पाळणा. आमच्या आईनं मला आठवडाभर आधी बजावलं होतं, "चौरंग एकच आहे, आधीच सांगून ठेवते." चौरंग शेवटी शेजारच्या काकूंकडून आणला.

२. पोथी कोणती घ्यायची

कोल्हापुरात महाद्वार रोडवर धार्मिक पुस्तकांच्या दुकानात गेलात की गुरुचरित्राच्या पाच-सहा आवृत्त्या पुढ्यात पडतात. स्वस्त-महाग बघू नका, तीन गोष्टी बघा.

टाइप मोठा हवा. पहाटे समईच्या आणि एका बल्बच्या उजेडात वाचायचंय.

शब्द फोडून छापलेले हवेत. जुन्या वळणाच्या पोथीत शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, नवख्याची जीभ तिथंच अडखळते.

आणि आवृत्ती ५२ अध्यायांची आहे की ५३, ते बघा. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. शेवटचा अवतरणिकेचा अध्याय, म्हणजे आधीच्या सगळ्या अध्यायांचा सारांश, काही आवृत्त्यांत बावन्नावा असतो, काहींत त्रेपन्नावा. त्यामुळे मोबाइलवर आलेला सप्ताहाचा तक्ता आणि हातातली पोथी जुळत नाही आणि माणूस बावचळतो. तक्ता आपल्या पोथीत छापलेलाच पाळा.

घरात जुनी पोथी असेल तर पूजेला ती ठेवा, वाचायला नवी घ्या. अण्णांच्या पोथीची पानं आता हात लावला तरी तुटतात.

सात दिवस रोज दोन-अडीच तास काढणं खरंच शक्य नसेल तर जबरदस्ती करू नका. वासुदेवानंद सरस्वतींनी, म्हणजे टेंबे स्वामींनी, याच चरित्राचं सप्तशती गुरुचरित्रसार केलेलं आहे. ते एका बैठकीत होतं. पहिल्या वर्षी ते वाचून पुढच्या वर्षी मोठ्या पोथीला हात घातलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यांचं वाचन माझ्या पहिल्या वर्षापेक्षा चांगलं झालं.

३. ओव्या मोजा, अध्याय मोजू नका

सप्ताहाची सगळ्यात चालणारी वाटणी अशी:

पहिला दिवस: १ ते ९
दुसरा: १० ते २१
तिसरा: २२ ते २९
चौथा: ३० ते ३५
पाचवा: ३६ ते ३८
सहावा: ३९ ते ४३
सातवा: ४४ पासून शेवटपर्यंत

आता माझा किस्सा. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय ओढले होते. पाचव्या दिवशी तक्त्यात बघितलं तर तीनच! म्हटलं, आज निवांत. पाऊण तास जास्त झोपलो. छत्तिसावा अध्याय सुरू केला, तो संपेचना. नित्यकर्म, आचार, काय खावं, काय खाऊ नये, पान उलटलं की तेच पुढे चालू. अध्याय अर्धवट सोडून उठायचं नाही हे माहीत होतं, आणि गोकुळ शिरगावला जायची कंपनीची बस आठला कोपऱ्यावर येते हेही माहीत होतं. शेवटी ओव्या गिळत, अक्षरं खात तो अध्याय कसाबसा ओढला, उरलेले दोन रात्री वाचले, आणि बस गेलीच. अण्णा आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. एवढंच म्हणाले, "शर्यत होती काय रे?"

तर हे करा. सप्ताहाच्या आधीच्या रविवारी पोथी उघडा. प्रत्येक अध्यायाच्या शेवटच्या ओवीवर आकडा असतो. ते आकडे उतरवून दिवसवार बेरीज मारा. मग कुठलाही एक अध्याय घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघा. सगळ्या मिळून ओव्या सात हजारांच्या वर आहेत. मिनिटाला आठ ओव्या या वेगानं धरलं तरी साधारण पंधरा तास होतात, म्हणजे रोजचे दोन तास आणि वर थोडं. शिवाय पूजा-आरतीचा अर्धा तास. नवख्यानं पहिल्या दिवशी तीन तास मोकळे ठेवावेत. तिसऱ्या दिवसापासून जीभ वळते आणि वेळ आपोआप कमी होतो.

सातही दिवसांचे अंदाजे वेळ एका कागदावर लिहून तो पोथीत खूण म्हणून ठेवा. माझा कागद अजून तोच आहे, तेलाचे डाग पडलेला.

४. सामान

एकदम आदल्या दिवशी धावू नका. जयंतीच्या आठवड्यात फुलांचा भाव चढतो.

- पोथी, ती गुंडाळायला नवं किंवा धुतलेलं वस्त्र, वाचताना ठेवायला लाकडी स्टँड
- चौरंग किंवा पाट, दत्ताची तसबीर किंवा मूर्ती
- बसायला लोकरीचं आसन किंवा घोंगडी. फरशी डिसेंबरात बर्फासारखी होते, हे विसरू नका
- देवासाठी आणखी एक आसन. वाचताना शेजारी एक जागा दत्तमहाराजांसाठी मोकळी ठेवायची पद्धत आहे
- समई, वाती, तेल, निरांजन, तूप, काडेपेटी, उदबत्ती, कापूर
- अष्टगंध, हळदकुंकू, अक्षता, तुळस, फुलं. या दिवसांत शेवंती भरपूर मिळते
- विड्याची पानं, सुपारी, नारळ, सुटे पैसे
- पंचामृताचं साहित्य, गूळ, खोबरं, सुंठ
- वाचणाऱ्यासाठी तांब्याभर पाणी, शाल आणि चष्मा

शेवटच्या ओळीला हसू नका. चष्मा कंपनीच्या बॅगेत राहिला म्हणून सातव्या दिवसाची सुरुवात अर्धा तास खोळंबलेली मी बघितली आहे.

समईचं तेल पूर्ण वाचन संपेपर्यंत पुरेल एवढं आधीच घाला. मध्ये दिवा शांत झालाच तर मनाला लावून घेऊ नका. परत लावा, नमस्कार करा, पुढे वाचा. यावरून घाबरवणारे नातेवाईक प्रत्येक घरात एक तरी असतात.

५. जागा, वेळ आणि बदली माणूस

जागा एकच आणि वेळ एकच, सातही दिवस. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पेठेतल्या जुन्या घरात देवघर जिथं आहे तिथंच बसावं लागतं, दिशा जुळत नसेल तर पाट थोडा तिरका करा. फ्लॅटमध्ये असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. पहाटे पाचला भिंतीपलीकडून एकसुरी आवाज यायला लागला की लोक दचकतात. मी सांगितलं, तर शेजारच्या मामी म्हणाल्या, "दार जरा किलकिलं ठेव की, मलाबी ऐकू येईल."

पहाटेची वेळ चांगली, पण ती रोज जमणार असेल तरच ठरवा. शिफ्ट बदलणाऱ्यांनी संध्याकाळ धरली तरी चालतं. मात्र संध्याकाळी टीव्ही, पाहुणे, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली तर गल्लीतला दंगा, हे सगळं मोजून घ्या. आमच्याकडं पुतण्याची टीम जिंकली तेव्हा हलगीच्या तालावर तिसावा अध्याय झाला.

बदली माणूस आधीच ठरवा. सुतक येतं, सोयर येतं, ताप येतो. सुरू केलेलं वाचन खंडित होऊ नये म्हणून घरातलं किंवा ओळखीतलं दुसरं कुणीतरी पुढचे अध्याय वाचतं. ते ऐनवेळी शोधायला लागू नये.

बायकांनी वाचावं की नाही, हा प्रश्न हमखास निघतो. काही दत्तभक्त घरांत बायका मूळ पोथी वाचत नाहीत, फक्त ऐकतात. आमची आज्जी पोथीला हात लावत नसे, पण अण्णांचा उच्चार चुकला तर माजघरातून दुरुस्त करायची, कारण ऐकून ऐकून तिला अध्यायच्या अध्याय पाठ होते. आता माझी बदली वाचक वहिनी आहे, आणि तिचं वाचन माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. तुमच्या घराची रीत तुमच्या मोठ्या माणसांशी बसून ठरवा. सप्ताहाच्या पहिल्या सकाळी हा वाद नको.

६. पहिला दिवस

अंघोळ करून धुतलेले कपडे घाला. घरातल्या देवांना आणि थोरांना नमस्कार. कुलदैवताला विडा ठेवा. आपल्याकडं बऱ्याच घरांत ते जोतिबा किंवा अंबाबाई. मग गणपतीची पूजा, दत्ताची पूजा, पोथीची पूजा.

संकल्प म्हणजे काही मोठं संस्कृत प्रकरण नव्हे. उजव्या हातात पाणी आणि अक्षता घ्यायच्या, स्वतःचं नाव, गोत्र माहीत असेल तर गोत्र, आजची तिथी, आणि कशासाठी वाचतोय ते मराठीत सांगायचं, पाणी ताम्हनात सोडायचं. संकल्प पहिल्या दिवशी एकदाच. रोज फक्त पूजा आणि वाचन.

वाचताना शब्द स्पष्ट, आवाज मध्यम. पहिल्या अर्ध्या तासातच घसा ताणला तर तिसऱ्या दिवशी आवाज बसतो. अध्यायाच्या मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. उठायचंच झालं तर अध्याय पूर्ण करून उठा. फोन दुसऱ्या खोलीत. वाचन संपलं की नैवेद्य आणि आरती. आमच्याकडं रात्री टेंबे स्वामींची करुणात्रिपदीही म्हणतात.

७. दुसरा दिवस, आपल्या मुलखाचा

या दिवसाबद्दल वेगळं लिहितो, कारण बारा अध्याय बघून नवीन माणूस इथंच धीर सोडतो. पण कोल्हापूरच्या माणसाला हा दिवस सगळ्यात सोपा जायला हवा. सतराव्या अध्यायातला मंदबुद्धी मुलगा आपल्याच करवीरचा, म्हणजे कोल्हापूरचा. लोकांनी हिणवलं म्हणून घर सोडून तो भिलवडीला भुवनेश्वरीपुढं जाऊन बसतो, जीभ कापून वाहतो, आणि देवी त्याला कृष्णेच्या पलीकडं औदुंबरला गुरूंकडं, म्हणजे नृसिंह सरस्वतींकडं, धाडते. अठराव्यात गुरू वाडीला, म्हणजे नृसिंहवाडीला, येतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं हे ठिकाण, इथं ते बारा वर्षं राहिले असं परंपरा सांगते. एका गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल असतो, त्याच शेंगांवर घर चाललेलं. भिक्षेला आलेले गुरू जाताना तो वेलच उपटून टाकतात. बायको रडते, ब्राह्मण वेलाचं मूळ काढायला खणतो, तर खाली धनानं भरलेला कुंभ. विसाव्या-एकविसाव्यात शिरोळची बाई येते, जिची लेकरं जगत नाहीत.

ही सगळी गावं आपण एसटीच्या पाटीवर वाचलेली. एकदा भिलवडी, शिरोळ, वाडी हे शब्द ओवीत भेटायला लागले की वाचणारा जागा होतो. मुलांना शेजारी बसवायचं असेल तर याच दिवशी बसवा. माझ्या मुलीनं विचारलं होतं, "बाबा, शिरोळ म्हणजे आत्याचं शिरोळ?"

८. पथ्य

कांदा-लसूण नाही, मांसाहार नाही, बाहेरचं खाणं नाही, सात दिवस ब्रह्मचर्य, झोप जमिनीवर चटई-सतरंजीवर. साधं जेवण: भात, वरण, दूध, तूप, पोळी किंवा भाकरी, फळं.

लिहायला सोपं. पण आपण राहतो तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या गावात, आणि थंडीत रविवारी प्रत्येक गल्लीतून मटणाचा वास येतो. मित्रांना आधीच सांगून टाका, म्हणजे कुणी आग्रह करत नाही. उलट कोल्हापुरात "सप्ताहाला बसलाय" म्हटलं की तोच मित्र दुसऱ्यांना गप्प करतो. बऱ्याच घरांत मार्गशीर्ष तसाही पाळतात, त्यामुळे घरच्यांना वेगळा त्रास होत नाही.

एक खाचखळगा: या सात दिवसांत एकादशी येतेच. त्या दिवशी तुमचा उपवास असेल तर नैवेद्यही उपवासाचा, साबुदाणा किंवा वरी. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला हे आदल्या रात्री सांगा. पहाटे पाचला साबुदाणा भिजत नाही.

आजारी माणसानं, मधुमेहवाल्यांनी उपाशी वाचायला बसू नये. दूध किंवा फळ घेऊन बसा. गोळ्या चुकवू नका.

९. समाप्ती

सातव्या दिवशी वाचन दुपारच्या आधी संपेल असं बघा, कारण जन्मोत्सव संध्याकाळी असतो. दत्ताचा पाळणा, आरती, सुंठवडा. किमान एका मेहुणाला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, किंवा एखाद्या भुकेल्या माणसाला जेवायला बोलवायची रीत आहे. दत्तगुरू रोज कोल्हापुरात भिक्षा घेतात अशी श्रद्धा आहे, शहरात दत्तभिक्षालिंगाचं देऊळ आहे ते त्यामुळंच. म्हणून आमच्याकडं त्या दिवशी दारात आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. गेल्या वर्षी कुरिअरवाल्या पोराला ताटावर बसवलं होतं. तो बिचारा घाबरला, मग दोनदा भात घेतला.

नैवेद्यात घेवड्याची भाजी हवीच, का ते आता तुम्हाला माहीत आहे. कपिलतीर्थ मंडईत जाऊन नुसतं "घेवडा द्या" म्हटलंत तर कुणी श्रावणघेवडा, म्हणजे फरसबी, पिशवीत टाकेल. वेलावरचा चपट्या शेंगांचा घेवडा मागा आणि आदल्या दिवशीच आणा. आम्ही तो गूळ-खोबरं घालून करतो.

ताट वाढायच्या आधी उत्तरपूजा करा. पोथी वस्त्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, वर तुळशीचं पान नको, ओल धरते आणि पानावर डाग पडतो.

१०. वाडीला कधी जायचं

समाप्तीनंतर बरेच जण नृसिंहवाडीला दर्शनाला जातात. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी आहे, खासगी गाडीनं जयसिंगपूर-शिरोळवरून जाता येतं. जयंतीच्या दिवशीच जायचा हट्ट पहिल्या वर्षी करू नका. घाटावर पाय ठेवायला जागा नसते, आणि सात दिवस पहाटे उठलेल्या माणसाला त्या गर्दीत चक्कर येते. मी आता पुढच्या आठवड्यात एखाद्या साध्या वारी जातो. पादुकांचं दर्शन निवांत होतं, पायरीवर बसून नदी बघता येते. येताना पेढे आणि कवठाची बर्फी घ्या. बर्फी दोन पुडे घ्या, एक ज्यांचा चौरंग आणलाय त्यांच्यासाठी.